'यशस्वी जोडप्यां'च्या भिंतीवर माझा फोटो

अन्याय मंगलवर झाला. गगनबावड्याकडच्या एका वाडीतून पहाटेची एसटी धरून आलेल्या मंगलवर. कधी, तेही सांगते. जूनमधला दुसरा सोमवार, सकाळचे साडेअकरा. कोल्हापुरातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात ती माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. माझ्याकडे टक लावून पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे, मग परत माझ्याकडे.

"ताई, त्या तुमीच की वो!"

भिंतीवर माझा फोटो होता. मी, शेजारी माझा नवरा अमोल, दोघांच्या हातात पेढे. वर सोनेरी अक्षरं: आमची यशस्वी जोडपी. खाली बारीक अक्षरांत: भ्रूणाची टेस्ट करून यश.

"तुमचा फटू बघूनच आमी फाईल काढली," मंगल म्हणाली. "आमचं मालक म्हटलं, ह्या ताईंचं टेस्ट करून झालं, मग आपलं का व्हायचं न्हाय? पोरगं झालं का पोरगी?"

माझ्या घरात मूल नाही. माझा गर्भ सातव्या आठवड्यात गेला, त्याला त्या सोमवारी चार महिने होत आले होते.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्धची पत्रकं मी एसटी स्टँडवर, बाजारात, सोनोग्राफी सेंटरच्या दारात उभी राहून वाटली आहेत. आमच्या संघटनेत पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती: पत्रकावर कुणाचा चेहरा छापायचा असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं, आणि खाली लिहिलेलं खरं पाहिजे. आता माझाच चेहरा छापून भिंतीला लावला होता, आणि खाली लिहिलेलं खोटं होतं.

ज्यांच्या हातात अशी फाईल आहे, त्यांच्यासाठी सुरुवातीपासून सांगते.

माझे दोन गर्भ आधीच गेले होते, दोन्ही तिसऱ्या महिन्यात. दुसऱ्यानंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांचं रक्त कॅरियोटाइप नावाच्या तपासणीला पाठवलं. त्यात पेशीतली गुणसूत्रं मोजतात, त्यांची ठेवण बघतात. रिपोर्ट आला. दोष माझ्यात निघाला: बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन.

डॉक्टर म्हणाले, "सुजाताताई, तुमच्याकडचं एकही पान हरवलेलं नाही. फक्त एका पुस्तकाची काही पानं दुसऱ्या पुस्तकात शिवली गेलीत. तुम्हाला त्याचा त्रास नाही. बाळाला मात्र एखादं पान कमी जातं, एखादं जास्त."

पत्रकांचे गठ्ठे लावण्यात माझं आयुष्य गेलं, मला ते लगेच समजलं. सासूबाईंना समजवायला मात्र आठवडा लागला. त्या एवढंच विचारत राहिल्या, "म्हंजे बाहेरचं काय न्हाय न्हवं?" बाहेरचं म्हणजे करणी. आम्ही बौद्ध. घरात देव नाहीत, करणी मात्र अजून मधूनमधून डोकावते.

उपाय सांगितला तो असा. आयव्हीएफ, म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करायचं. मग पीजीटी: पाच दिवसांच्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या चार-पाच पेशी काढून गुणसूत्रं तपासायची, आणि ठीक असेल तोच भ्रूण गर्भाशयात सोडायचा.

अमोल साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तो म्हणाला, "आमच्याकडं गाडीतनं चार ऊस काढून साखरेचा उतारा बघत्यात, तसंच की. चार ऊस गोड लागलं म्हणून अख्खी गाडी गोड असंलच असं न्हाय." डॉक्टर हसले आणि म्हणाले, बरोबर आहे. त्यावेळी मीही हसले. मग ठीक ठरलेला भ्रूणही जाऊ शकतो का, हा पुढचा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. नाही विचारला. ती चूक माझी.

अकरा दिवस पोटावर इंजेक्शनं. एक दिवसाआड सोनोग्राफी. पोट फुगलेलं, चप्पल घालायला वाकता येत नव्हतं. नऊ बीजं निघाली. सहा फलित झाली. पाचव्या दिवसापर्यंत चार टिकली. चारांच्याही पेशी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेल्या, भ्रूण इथे गोठवून ठेवले.

मग तीन आठवडे नुसतं थांबणं. फोन वाजला की मी ताडकन उठायची. या काळात गल्लीत बातमी फुटली आणि मला एकच प्रश्न येऊ लागला: "मग पोरगंच घेणार न्हवं?" ज्या बाईनं आयुष्यभर त्याविरुद्ध पत्रकं वाटली, तिला! एकीला मी तिथेच सुनावलं, "आत्याबाई, रिपोर्टात मुलगा-मुलगी लिहीत न्हाईत, कायद्यानं बंदी हाय. आन् लिहिलं असतं तर मी फाडून टाकलं असतं." ती म्हणाली, "बोलायला जातंय काय तुझं!"

रिपोर्ट आला. चारांतला एक भ्रूण ठीक.

एक. माझी सगळी आशा एका गोठवलेल्या ठिपक्यात होती.

तो सोडला. चौदा दिवसांनी बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ धरला की रक्तात वाढणाऱ्या द्रव्याची तपासणी. पॉझिटिव्ह. काउंटरवरच्या मुलीनं पेढे आणले, बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी फोटो काढला. एका कागदावर सही घेतली; फोटो लावायची परवानगी त्यातच होती, हे मला जूनमध्ये कळलं. मी, अर्ज वाचल्याशिवाय सही करू नका असं गावोगाव सांगणारी मी, न वाचता सही केली. खरं सांगायचं तर त्या आनंदात मी कशावरही सही केली असती.

सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके नव्हते. डॉक्टरांनी पडदा माझ्यापासून दुसरीकडे वळवला. मग म्हणाले, "तपासणी बरोबर होती. भ्रूणही चांगला होता. तरीही हे का झालं, ते आज मला सांगता येत नाही." हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पिशवी मोकळी व्हायच्या गोळ्या देताना ज्या नर्सबाई माझा हात धरून बसल्या, त्यांचीही.

त्यानंतर मी गेले ती जूनमध्येच, पुन्हा प्रयत्न करायचा का ते विचारायला. सोबत आई होती.

आईबद्दल सांगायला हवं. ती हुपरीची. घरातच चांदीचं काम करते, तान्ह्या बाळांच्या पायातले वाळे. या केंद्रात जन्मलेलं बाळ दाखवायला आणलं की ते त्याला वाळ्यांचा जोड भेट देतात. केंद्र सुरू झाल्यापासून ते जोड माझी आई करते. त्या दिवशी पुढचे जोड घेऊन ती हुपरीच्या बसनं आली होती. पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात घालून.

मंगल बोलत होती तेव्हा आई भिंत बघत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मोठ्यानं म्हणाली, अख्खा हॉल ऐकेल अशी:

"सुजे, ह्या भिताडाला फटू लावायला जागा उरंना झालीया. आन् माझं आजवरचं जोड असल्या दोन-तीन खोक्यांत मावत्यात. बाकीच्यांची पोरं काय वाळं न घालताच पळाली व्हय?"

 काउंटरवरची मुलगी फाईल चाळू लागली.

मी मंगलला खरं सांगितलं. तिचा चेहरा उतरताना पाहिला. ती एवढंच म्हणाली, "मग ते लिवलंय ते?"

तेच मी आत जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आमच्या नोंदीत बीटा पॉझिटिव्ह म्हणजे यश. पुष्कळ ठिकाणी असंच मोजतात."

"आणि घरी गेलेलं बाळ?"

"ते वेगळं मोजावं लागतं. सगळे कळवत नाहीत, दाखवायलाही आणत नाहीत."

खरं असेल. वाळे म्हणजे जनगणना नव्हे, मलाही कळतं. पण भिंतीवर हे कुठे लिहिलंय? मी विचारलं, पीजीटीनं यश वाढतं असं काउंटरवर सगळ्यांना सांगता, ते सगळ्यांना लागू आहे का?  ते जे बोलले ते मी तिथेच फाईलवर लिहून घेतलं: "ही चाळणी आहे. चाळणीनं खराब दाणा बाजूला निघतो, चांगला दाणा वाढत नाही. तुमच्या दोषात तिचा उपयोग आहे. प्रत्येकीला तिची गरज असेलच असं नाही."

हे वाक्य सोनेरी अक्षरांत का नाही?

फोटो त्यांनी तासाभरात उतरवला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. पुढच्या आठवड्यात तिथे दुसरं जोडपं होतं, हातात पेढे. मला अजून धड झोप लागत नाही ती त्या जोडप्यामुळे. त्यांचा कितवा आठवडा चाललाय?

मंगल त्या दिवशी आत गेली आणि सही न करता बाहेर आली. "आमाला टेस्ट का सांगितली, इचारलं," म्हणाली, "तर डॉक्टर म्हणलं, पुढच्या टायमाला सविस्तर बोलू." ती टेस्ट करेल किंवा करणार नाही. ठरवायचं तिनं, पण माझा फोटो बघून नाही.

परतताना स्टँडवर आईनं सांगितलं. बीटाची बातमी कळली त्या रात्री तिनं एक जोड माझ्यासाठी केला होता, तीन घुंगरांचा. मला कधी दाखवला नाही. मी विचारलं, कुठाय तो?

"त्याच खोक्यात घातला," ती म्हणाली. "डब्यात ठिवून काय करू? कुणाच्या तरी पायात वाजूदे की."

मी पुन्हा प्रयत्न करणार आहे. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा तीन आठवडे फोनकडे बघत बसणं. तपासणीवर माझा राग नाही. सात आठवड्यांना यश म्हणणाऱ्यांवर आहे.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही फाईल घेऊन निघाला असाल, किंवा तुमची बहीण, सून, शेजारीण निघाली असेल, तर एक प्रश्न फाईलच्या पहिल्या पानावर लिहा: माझ्या वयाच्या, माझ्यासारखा दोष असलेल्या किती बायका इथून बाळ घेऊन घरी गेल्या? किती पॉझिटिव्ह आल्या, हे ऐकून घेऊ नका. भिंतीकडे बघू नका. पेढ्याच्या वेळी कुठल्याही कागदावर सही करू नका. उत्तर लेखी मागा, आणि ते हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.