शिंप्याकडचा बटाटा

तपासनीस बाईंनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली. माणूस खोटं बोलायला लागला की त्याचे कान हलतात, असा त्यांचा ठाम समज झाला होता. निवृत्तीनंतर तपासायला एकच प्रवासी उरला, घड्याळं दुरुस्त करणारा नवरा.

घड्याळजी बिचारा आधीच अर्धा झालेला. आतड्याला पीळ पडला, जवळजवळ सगळं आतडं कापावं लागलं, आणि तेव्हापासून छातीतल्या नळीतून पांढऱ्या पिशवीतलं अन्न थेट रक्तात जायचं. पिशवी बाई स्वतः लावत, हात कोपरापर्यंत धुऊन, एकही दिवस न चुकता. तोंडाने काही खाल्लं की त्याची संडासाकडे पळापळ होई, म्हणून ते त्यांनी बंदच करून टाकलं.

अशात त्याचे डोळे पिवळे झाले. रक्त तपासलं तर लिव्हर बिघडलेलं. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, हे पितात! कारण पिशवी काढली की चार तासांच्या मोकळिकीत तो शेजारच्या शिंप्याकडे जाई आणि ओठ पुसत परत येई.

"पत्ते खेळतो गं," तो म्हणे. कान हलले की नाही ते बाईंना नीट दिसलं नाही, त्यामुळे संशय दुप्पट झाला.

एका दुपारी त्या मागोमाग गेल्या आणि दुकानातला, कपडे घालून बघायच्या जागेचा पडदा खस्सकन ओढला. नवरा स्टुलावर बसून उकडलेला बटाटा मीठ लावून खात होता.

बाईंनी त्याला उरलेल्या बटाट्यासकट डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. "बघा, यांनीच लिव्हर बिघडवलंय!"

"बटाट्याने? उलट थोडं थोडं खाऊ द्या. आतडं रिकामं राहिलं की लिव्हरला जास्त त्रास होतो. पिशवीवर जगणाऱ्यांना हा धोका असतोच. रोज किती तास चालते?"

"वीस," बाई ऐटीत म्हणाल्या. "तुम्ही बारा सांगितले होते, पण मी हळू सोडते. अंगी लागावं म्हणून."

"लिव्हरला विश्रांती मिळावी म्हणून बारा सांगितले होते, बाई."

बाईंचं तोंड उतरलं. साऱ्या जगावर संशय घेतला, स्वतःवर तेवढा घ्यायचा राहिला. "म्हणजे मीच?" त्यांनी विचारलं.

"अजून वेळ गेलेली नाही. पिशवीतल्या अन्नातलं तेलही लिव्हरला सोसेल असं बदलू," म्हणत डॉक्टरीणबाई कागदावर लिहू लागल्या.

घड्याळजी घाईघाईने पुढे वाकला. "वीस तासांचं लिहिताय ना? मग वर्षभर मला हिनेच जगवलंय, तेही लिहा."