कोरमापुरत्या अक्का

पंचायत समित्या नव्याने स्थापन झाल्या, त्या काळात धुळे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या समितीत मी कारकून होतो. मासिक सभेचे इतिवृत्त लिहिणे माझ्याकडे होते. अक्षर चांगले म्हणून ते काम मिळाले, आणि त्या अक्षराचा मला अभिमान होता. आज पन्नाशी उलटल्यावर त्या अभिमानाची लाज वाटते.

एकही स्त्री निवडून आली नव्हती, म्हणून कायद्याप्रमाणे एका शेतकरी घरातील बाईंना सदस्य करून घेतले होते. सारे त्यांना अक्का म्हणत. पुरेसे सदस्य क्वचितच फिरकत; पेरणीच्या दिवसांत तर नाहीच. कोरम भरेना की सभापती ड्रायव्हरला सांगत, "जा, अक्कांना घेऊन ये." अक्कांचे गाव नाल्यापलीकडे, जीप अलीकडेच थांबे. पावसाळ्यात अक्का पाण्यातून चालत जीपपर्यंत येत आणि ओल्या लुगड्यानिशी सभेत बसत. हजेरीपुस्तकात सावकाश, एकेक अक्षर जुळवून सही करीत.

प्रत्येक सभेत त्यांचे मागणे एकच असे, नाल्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल. "भाऊ, आमना नालावर फरशी बांधा. पानी उनं का गाव तुटी जास. मागला साल एक बाळंतीण काठवरच मरी गयी."

"अक्का, फरशी कशाला? साहेबांच्या जीपलाच होडी जोडू," एखादा सदस्य म्हणे. दुसरा म्हणे, "चहा घ्या अक्का, गार होतोय." हशा होई. सभापती विचारीत, "अनुमोदन कोणाचे?" कोणाचेच नसे.

अनुमोदन नसलेले बोलणे इतिवृत्तात घ्यायचे नाही, असे हेडक्लार्कनी मला बजावले होते. तसा नियम नव्हता. नियमांची पुस्तिका मी पहिल्याच वर्षी वाचली होती. तरीही मी लिहिले नाही. एक ओळ लिहिली असती तर कोणी हरकत घेतली असती, असेही वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी जिल्हा परिषदेचे पत्र आले. तालुक्यात एक फरशी मंजूर होणार होती, पण इतिवृत्तात ज्या गावाची मागणी असेल त्याचाच विचार होणार होता. ते कानावर येताच अक्का जीपची वाट न पाहता आल्या आणि थेट माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"काढा भाऊ. तीन साल व्हयनात, मी बोली ऱ्हायनी."

मी इतिवृत्त आणि हजेरीपुस्तक, दोन्हींची पाने उलटत गेलो. सही प्रत्येक सभेला होती.

"मी बठ्ठा सभासले उनी ना? मंग मन्हं बोलनं कोठे शे?"

"अनुमोदन नव्हतं, अक्का. नियमच आहे तसा," मी म्हणालो. खोटे बोलतानाही माझा आवाज नेहमीसारखाच मृदू होता.

त्यांनी आपल्या एका सहीवरून बोट फिरवले. "आते जीप धाडू नका, भाऊ."

फरशी दुसऱ्या गावाला गेली. पुढच्या सभेला जीप रिकामी परतली, आणि मी लिहिले, 'कोरमअभावी सभा तहकूब.' आता तरी यांना अक्कांची किंमत कळेल, असे मला क्षणभर वाटले.

"तहकूब सभेला कोरम लागत नाही," हेडक्लार्क म्हणाले. हा नियम मात्र पुस्तिकेत खरोखरच होता.

आठवड्याने चौघांत सभा झाली आणि सारे ठराव मंजूर झाले. अक्कांकडे जीप पुन्हा कधी गेली नाही. त्या सभेचे इतिवृत्तही मीच लिहिले, सुवाच्य अक्षरात.