पाचवा ठोका

भूत, आत्मा, चकवा... या खात्यात माझी शिल्लक कायम शून्य! उलट सांगलीच्या हौशी नाटकांत पांढरं धोतर नेसून भूत मीच झालोय आणि पहिल्या रांगेतल्या बायकांना किंचाळायला लावलंय. तेव्हा वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसलो असतो.

माझे थोरले भाऊ – दादा – सैन्यात ड्रायव्हर होते. सगळी हयात लडाखच्या रस्त्यांवर ट्रक हाकण्यात गेली. निवृत्तीनंतर कोरेगावजवळच्या आमच्या गावी ऊस बघायचे, पण डोक्यात एकच वेड – न्यूझीलंडला जाऊन कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, चालवायची. "मागं माल न्हाई, म्होरं कॉन्व्हॉय न्हाई. वाटंल तितं गाडी हुबी करायची रं!" दादा, वहिनी, मी आणि माझी बायको सुनीता, अशी चौघांची तिकिटं काढली. आणि निघायच्या दोन महिने आधी दादा शेतातून आले, पाणी मागितलं, आणि तांब्या हातात येण्याआधीच गेले.

वहिनी रडल्या नाहीत. जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की आडव्या व्हायच्या. बस. मग आम्ही तिघं गेलो कशाला? खरं सांगतो... तिकिटांचे पैसे परत मिळत नव्हते म्हणून.

तिकडे काटकसरीचं खातं मी घेतलं. भाड्याची गाडी सगळ्यात जुनी, म्हणून सगळ्यात स्वस्त. मुक्काम फुकटच्या जागी, तळ्याकाठी. हॉटेलचं तोंड पाहायचं नाही. पीठ, डाळ, कांदे घेऊन गाडीतच पिठलं-भाकरी. फोडणीच्या वासानं शेजारच्या गाडीतला एक गोरा ताटली घेऊनच दारात उभा राहिला! मी म्हटलं, वा, आता तिकीट लावू.

पण आठवड्याभरात वहिनींनी मला मागे टाकलं. हीटर बंद करायला लावला. अर्धी भाकरी खाऊन उरलेली उद्याला ठेवायच्या. आणि रोज संध्याकाळी विचारायच्या, "भावजी, आज किती पैसं वाचलं?"

मी खूश! बाई बोलायला तर लागली. "वाचलंय की भरपूर. काय घ्यायचंय?"

"काय न्हाई. गाडी अजून थोडं दिस ठेवा."

"आणि परतीची तिकिटं?"

"ती ढकला म्होरं."

सुनीतानं मला बाहेर नेलं. "अहो, तुम्ही कसले खूश होताय? त्यांचे ओठ निळे पडलेत. काल चक्कर आली, कुणाला सांगू नको म्हणाल्या. अशा उपाशी राहिल्या तर आपण त्यांना घरी नेणार कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवाज चढवला. "वहिनी, आज पोटभर खायचं. नाहीतर आजच परत फिरू."

चहाचा कप धरून त्या म्हणाल्या, "गप बसा. ऐका."

ठक.

इथं दादांची एक सवय सांगायला हवी. गाडी कुणाचीही असो, सकाळी हलवण्याआधी ते काठीनं टायर ठोकायचे आणि आवाजावरून हवा ओळखायचे. ड्रायव्हरच्या पुढच्या चाकापासून सुरुवात, गाडीला फेरी मारत चारी चाकं, आणि शेवटी मागची स्टेपनी.

ठक... ठक... ठक. आवाज गाडीभोवती फिरला. मग मागून पाचवा. बसका.

"स्टेपनीत हवा कमी हाय," वहिनी म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

"हे... रोज?"

"पैल्या दिसापासनं. घरी न्हाई आले कवा. हितंच येत्यात."

मी दार उघडून उडी मारली. गवतावर गोठलेल्या दवाचं पांढरं हिव पडलेलं. आजूबाजूला माणूस नाही. हिवावर पाऊल नाही, पाखराचं सुद्धा नाही. चारी टायरांवर मात्र हिव एकेका ठिकाणी झडलेलं, काठी बसावी तेवढंच. मी स्वतःला समजावलं – थंडीनं लोखंड आकसतं, आवाज येतो. मग स्टेपनी बघायला मागून खाली वाकलो.

स्टेपनी नव्हती.

गाडीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, या गाडीत स्टेपनी देतच नाही, सीटखाली पंक्चर बुजवायच्या औषधाची बाटली आहे बघा. मी पायरीवर बसलो. भीती वाटली नाही.

सुनीतानं आतून हळूच विचारलं, "पाच होते ना?"

"चार," मी म्हणालो.

"पाच," ती म्हणाली.

मी तिकिटं पुढे ढकलली नाहीत. वहिनींना त्या गाडीत राहू दिलं असतं तर त्या तिथंच झिजल्या असत्या. गाडी परत द्यायच्या दिवशी त्या सीटवरून हलेनात.

"वहिनी, उतरा."

"हितं उतरले की संपलं, भावजी."

शेवटी सुनीतानं हात धरला. त्या उतरल्या, मागे न बघता चालत गेल्या. डोळे कोरडेच.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. लोखंड आकसतं, मान्य. पण नसलेली स्टेपनी कशी आकसेल, हे कुणी इंजिनिअर मित्र सांगणार असेल तर त्यानं मला सांगू नये. माझं ऐकून झालंय.

आता शनिवारी सुनीता आणि मी गावी मुक्कामाला जातो. वहिनी जेवतात, पण सांगावं लागतं. गेल्या महिन्यात एका सकाळी न राहवून मी कोपऱ्यातली काठी घेतली आणि अंगणातल्या माझ्या गाडीचे टायर ठोकले. अगदी दादांच्या चालीनं, त्यांच्यासारखा खाकरून. डिकीतल्या स्टेपनीसकट. आयुष्यातला सगळा अभिनय ओतला म्हणा ना.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी काठी धरून तसाच उभा.

"भावजी," वहिनी आतून म्हणाल्या, "त्यांचा हात जड हुता."

मी काठी ठेवायला वळलो.

"पर ठोका तुमी."