कुरडयांच्या डब्याचा ढोल

मला गाण्याबजावण्यातलं काही कळत नाही. गावातल्या भजनात बायकांनी माझ्या हातातले टाळ दोनदा काढून घेतलेत, तेही देवासमोर. तरी नात म्हणाली, वाद्य करायचंय, तेव्हा मीच पुढं झाले. चौथी शिकलेल्या बाईला आपल्याला सगळं येतं असं वाटतं. जास्त शिकलेली माणसं निदान विचारून घेतात.

नात तिसरीत आहे. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला पडदा ओढायचं काम होतं. यंदाही नाचातल्या पोरी ठरून गेल्या. पण तिच्या बाईंनी सांगितलं, घरातल्या टाकाऊ वस्तूंचं वाद्य करून जो गाण्याबरोबर नीट वाजवील, त्याला स्टेजवर घेऊ. शनिवारी वाजवून दाखवायचं. पोरगी दोन दिवस जेवताना सुद्धा स्टेजचंच बोलत होती. पुन्हा पडदा ओढावा लागला तर शाळेतच जाणार नाही, म्हणाली.

शेजारची दोन पोरं आली. एकानं औषधाच्या बाटलीत तुरी भरल्या, दुसऱ्यानं सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची टोपणं ठेचून तारेत ओवली.

"ही काय वाद्यं हायत? ढोल पाहिजे ढोल," मी म्हणाले.

फळीवरचा पत्र्याचा गोल डबा काढला. काठाला खिळ्यानं भोकं पाडली. ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा तोंडावर घातला. तिन्ही पोरांनी चारी बाजूंनी ओढून धरला आणि मी सुतळीनं आवळला. दोनदा सुटला, एकदा माझ्या नाकावर बसला. तिसऱ्यांदा थाप मारली तर चांगला दणका आला. तेवढ्यात सून शेतातून आली.

"आत्याबाई, ह्यो डबा कुठून घेतला?"

"पडला होता रिकामा."

"रिकामा न्हवता. कुरडया होत्या."

"पाटीत काढून ठिवल्यात की."

"अन् ही भोकं?"

भोकं काही बुजणार नव्हती, म्हणून मी सुतळी अजून एकदा आवळली.

मग दोन दिवस मी नातीला वाजवायला शिकवलं. शेजारची पोरं माझं ऐकत नव्हती, म्हणून त्यांना मी बिनकामाची ठरवलं होतं.

शनिवारी बिनकामाची दोघंही पास झाली. नात आली ती दप्तर फेकतच.

"तुझ्यामुळं झालं सगळं! मी वाजवलं की पोरी गाणंच विसरायल्या. बाई म्हणल्या, कुणी शिकवलं?"

"मग काय सांगितलंस?"

"आजीनं, म्हणून सांगितलं. समद्या हसल्या."

बाईंनी सोमवारी अजून एकदा बघते म्हटलं होतं, तेवढंच.

मी ओट्यावर बसून डबा वाजवून पाहिला. दोन थापा, मग थांबा, मग पाच, मग एक. मला ते बरोबरच वाटत होतं. का वाटतंय, ते हळूहळू ध्यानात आलं. लहानपणी मी ज्वारीच्या शेतात लाकडी माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायची, डबा बडवून. माझी माय सांगायची, एकसारखं वाजवू नको, पाखरू सरावतं अन् कणसावरून उठत नाही. कधी कसं, कधी कसं वाजवावं. चार-पाच सुग्या मी तेच केलं. काम चोख शिकले होते, पण माणसांच्या गाण्याला ते काय कामाचं?

रविवारी मी परत शिकवायला बसले, तर नातीनं डबा मागं ओढला.

"तू हात लावू नको. अन् सांगू बी नको."

ती डबा घेऊन चुलीपाशी गेली. सून भाकरी थापायली होती. थप थप थप, एकसारखं. पोरीनं तिच्या हाताकडं बघत थाप धरली. आधी चुकली, मग जमलं. पीठ संपलं तरी पोरगी उठेना, तेव्हा सुनेनं अजून पीठ घेतलं. थापता थापता माझ्याकडं बघून हसली. माझी भाकर एका बाजूला जाड अन् दुसरीकडं पातळ का होते, म्हणून नवरा जन्मभर विचारायचा. त्याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं, पण ऐकायला तो राहिला नाही. दोन दिवस आम्ही त्याच भाकरी कुस्करून खाल्ल्या.

सोमवारी बाईंनी तिला घेतलं.

संमेलनाच्या दिवशी घरातून निघताना पोरीनं मला बजावलं, "आजी, ये. पण टाळ्या वाजवायच्या न्हाईत. मी चुकते."

मी खालच्या सतरंजीवर बसले, हात मांडीखाली घेऊन. पोरगी टोकाला उभी होती, पण स्टेजवर होती. गाणं लांबलचक होतं. लोक मधूनमधून टाळ्या वाजवत होते. तिची थाप कुठं हलली नाही. निदान लोक तरी तसं म्हणाले, मला त्यातलं काय कळतं?

शेजारची बाई कोपरानं ढोसून म्हणाली, "आवो, तुमचीच नात हाय ना ती? टाळ्या तरी वाजवा!"

"तिनंच मना केलंय," मी म्हणाले, अन् मुंग्या आलेले हात तसेच दाबून बसले.