अनवाणी काकूंचे अंगण

काकू कोणाच्याही घरी गेल्या, की आधी त्यांच्या चपला सुटत आणि मग तोंड. चंडीगढच्या आम्हा मराठी मंडळींत त्यांना सगळेच ‘अनवाणी काकू’ म्हणत. ऑफिसर्स मेसच्या हिरवळीवर इतर अधिकाऱ्यांच्या बायका उंच टाचा सावरत उभ्या असत, तेव्हा काकू साडीच्या निऱ्यांआड हळूच पाय मोकळे करून दवात बुडवीत.

कर्नलकाकांच्या नोकरीत त्यांनी आयुष्यभर सरकारी घरे मांडली आणि मोडली. निवृत्तीनंतर चंडीगढजवळच्या मुल्लानपूरला, गव्हाच्या शेतांच्या एकेक करून कोठ्या, म्हणजे बंगले, होत होते तिथे, पहिले स्वतःचे घर बांधायला काढले. “घराच्या मधोमध मातीचं अंगण हवं,” काकूंनी सांगून टाकले, “आणि प्रत्येक खोलीचं दार त्यात उघडायला हवं. उठल्यावर पहिलं पाऊल जमिनीवर.” खोल्यांत त्यांनी बिनपॉलिशचा, किंचित खरखरीत दगड घातला. तिथून एक पायरी उतरले, की शेणाने सारवलेली थंड भुई. ठेकेदार सरदारजी हबकले. “मॅडमजी, इतनी बढ़िया कोठी में तबेला?”

“हां जी,” काकू म्हणाल्या. “और तबेले में रहूँगी मैं.”

जमिनीला पाय लागले की झोप लागते, डोके निवते, सांधे धरत नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती. माझा नवरा डॉक्टर. तो म्हणे, “याला पुरावा नाही, काकू.” त्या म्हणत, “पुरावा तुमच्याकडे राहू दे, झोप माझ्याकडे.” आयटी पार्कमधल्या भाच्याने एकदा त्यांना भिंतीच्या प्लगमध्ये जोडायची चटई आणून दिली. तिच्यावर पाय ठेवला की म्हणे शरीर जमिनीशी जोडले जाते. “मातीला भेटायला तार कशाला?” असे म्हणून काकूंनी ती काकांच्या बुटांखाली अंथरली. काका घरातही बूट घालून वावरत. “अगं, विंचू निघेल एखादा,” ते बजावीत. “निघाला तर चहा देईन,” असे काकूंचे उत्तर.

विंचू निघाला नाही. एका संध्याकाळी त्याच अंगणात माझ्या नवऱ्याने काकूंच्या तळव्यातून बाभळीचा काटा काढला. सकाळपासून रुतलेला असावा; काकूंना त्याचा पत्ताच नव्हता. मधुमेहाने पायांची जाणीव केव्हाच नेली होती.

“काकू, यापुढे एक पाऊलही अनवाणी नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “घरातसुद्धा. जखम तुम्हाला कळणार नाही, आणि चिघळली तर पाय जाईल.”

काकूंनी अंगणाकडे पाहिले. “मग हे मी बांधलं कशासाठी?”

काका उठून आत गेले आणि काकूंसाठी लोकरी मोज्यांची जोडी घेऊन आले.

काकूंनी पथ्य पाळले. दिवसभर मोजे आणि जाड तळव्यांचे बूट, रात्री अंथरुणातही मोजे. सवयीने आम्ही त्यांना अनवाणी काकूच म्हणत राहिलो, आणि प्रत्येक वेळी तो शब्द जिभेला टोचत राहिला. सारवण मात्र त्यांनी कोणाच्या हाती दिले नाही. पायरीच्या कडेला बसून, वाकून, ओल्या शेणामातीवर बोटे अर्धगोलात फिरवीत. मग दोन्ही तळहात भुईला टेकवून थोडा वेळ डोळे मिटून राहत. मी एकदा विचारले, काय करताय? “पायांचा निरोप हातांनी पोचवते,” त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात, धुके काचांना चिकटून असताना, काकू सकाळी उठल्याच नाहीत. गेलेल्या माणसाला जमिनीवर घेण्याची आपली रीत. आम्हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची ती जमीन म्हणजे चौथ्या मजल्यावरची फरशी. काका एवढेच म्हणाले, “अंगणात घ्या.”

आदल्याच दिवशी सारवलेल्या अंगणाला अजून ओला, हिरवट वास होता. काका काकूंच्या पायांशी खाली बसले. ते स्वतः अनवाणी होते. त्यांच्या ते ध्यानातही आले नसावे. त्यांनी काकूंच्या लोकरी मोज्यांवर हात ठेवला आणि माझ्या नवऱ्याकडे वर पाहिले.

“डॉक्टर, आता काढले तर चालतील ना?”

त्याने होकारार्थी मान हलवली. काकांनी एकेक मोजा सावकाश उतरवला आणि काकूंच्या टाचा भुईवर टेकवल्या, त्यांच्याच बोटांनी उमटवलेल्या अर्धगोलांवर.