एकादशीच्या कॉफीतला जव

हे अग्निनारायणा! तू यज्ञात हवी घेतोस, चुलीत अन्न शिजवितोस आणि प्राणिमात्रांच्या पोटी बसून खाल्लेले सारे पचवितोस. तुझ्यापुढे ठेवलेले काहीच तुझ्यापासून लपत नाही. आणि हे पांडुरंगा, घास कोणाच्याही हातचा असो, त्याचा भोक्ता तूच. तुम्हा उभयतांना वंदन करून, श्रोतेहो, मी एका साध्या माणसाची कथा सांगतो. नाव त्र्यंबक केशव खांबेटे. गाव ठाणे, वस्ती नौपाडा, उद्योग कॉफी भाजण्याचा.

त्र्यंबकराव मूळचे ठाण्याचेच. तरुणपणी पोटामागे मंगळुरास गेले आणि तेथील कॉफीच्या वखारीत चौदा वर्षे राबले. सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर पत्नी सुमतीबाईंसह परत आले, तेव्हा सामानात कपड्यांपेक्षा लोखंडच अधिक होते. हाताने फिरवायचे एक आडवे पिंप आणि दांडा असलेली जड चक्की. नौपाड्यातील दोन खोल्यांच्या घराच्या ओटीवर त्यांनी शेगडी मांडली. सकाळी कोळसे फुलले, पिंप फिरू लागले, की सारी आळी त्या वासाने भरून जाई.

भाजणे हे त्यांचे अनुष्ठान होते. हिरवट बी आधी पिवळी पडे, मग दालचिनीच्या रंगाची होई, मग गडद तपकिरी. ते डोळे मिटून कान देत. "बी दोनदा तडकते, बुवा," ते मला सांगत. "पहिल्या तडतडीला उतरवली तर आंबट, दुसरी होऊन गेली तर कडू. मधली घटका ओळखता आली पाहिजे." मी त्या काळी नौपाड्यातील रामाच्या देवळात चातुर्मासाची कीर्तने करीत असे. कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी त्यांच्या घरची कॉफी घशाखाली गेली नाही, तर माझा पहिला स्वर लागत नसे.

गिऱ्हाइकाची पुडी बांधता बांधता ते कॉफीचे पुराण लावीत. हबसाणच्या, म्हणजे अबिसिनियाच्या, डोंगरात एका धनगराच्या शेळ्या म्हणे कुठलीशी लाल फळे खाऊन नाचू लागल्या, तेथून आरंभ. मग येमेन देशातील फकीर रात्रभर ईश्वराचे नाम घेताना झोप येऊ नये म्हणून तिचा काढा पिऊ लागले. मक्केत एका अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली, तरी ती टिकली नाही. तिचे जिवंत बी परदेशी नेण्यास मनाई होती, तेव्हा बाबा बुडन नावाच्या साधूने सात बिया अंगाशी लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात पेरल्या, अशी आख्यायिका आहे. चैत्राच्या सुमारास एक पाऊस झाला की ते मळे जाईसारख्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात, हे मात्र त्र्यंबकरावांनी स्वतः पाहिलेले.

एकदा अण्णांनी, म्हणजे आमच्या आळीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी, त्यांना टोकले. "म्हणजे शेळ्यांनी शोधली, फकिरांनी उकळली, आणि आम्ही ती एकादशीला पितो! धन्य रे बाबा आमचा धर्म!"

"अण्णा, देवाचं नाव घेताना डोळा मिटू नये म्हणून माणसं जे प्यायली," त्र्यंबकराव पुडीला दोरा गुंडाळीत म्हणाले, "त्याहून सोवळं उपासाला दुसरं काय असणार?"

अण्णांनी पुडी उचलली आणि पैसे मोजले.

नौपाड्यातील चाळीस घरांत उपासाला त्यांचीच कॉफी लागे. कारण एकच. त्यांच्या पुडीत बीशिवाय दुसरे काही नसते, अशी साऱ्यांची खात्री. त्या घरांत एक घर वासंतीकाकूंचे. वासंतीकाकू आगाशे, वय सत्तरीला टेकलेले, घरात एकट्या. त्यांचा एकुलता एक मुलगा गुरुदत्त रंगूनला कारकून होता. बेचाळीस साली तिकडे युद्ध पोहोचले, माणसे पायी डोंगर ओलांडून परतली, गुरुदत्त परतला नाही. पत्र नाही, निरोप नाही, मेल्याची वार्ताही नाही. त्या कार्तिकात काकूंनी व्रत धरले. बारा वर्षे, प्रत्येक एकादशीस, जायफळ उगाळून घातलेली दोन वेळची कॉफी आणि त्याखेरीज काही नाही. बारा वर्षांत एकही एकादशी मोडली नाही, तर मुलगा दारात उभा राहील, हा त्यांचा देवाशी झालेला करार होता.

चौपन्न सालचा श्रावण आला. उद्यापनाला तीन महिने उरले होते. काकू येताजाता सांगत, "त्र्यंबका, कार्तिकात माझ्या गुरुदत्तासाठी जरा जास्त भाज हो. त्याला कडक लागते."

त्याच श्रावणात त्र्यंबकरावांच्या साठवणीतले एक पोते ओल लागून बुरसले. पावसाळ्यात मंगळुराहून माल येईना. एकादशी चार दिवसांवर, मागणी चाळीस घरांची, आणि चांगली बी जेमतेम निम्म्यांपुरती. सुमतीबाई म्हणाल्या, "निम्म्यांना नाही म्हणा. एक एकादशी चहावर काढतील."

"नाही कसं म्हणू? कोणाला म्हणू? काकूंना म्हणू?"

ते मुंबईस गेले आणि तेथील एका व्यापाऱ्याकडून भाजलेल्या चिकोरीच्या भरड पुडीचा डबा घेऊन आले. चिकोरी हे एक मूळ. रताळे चालते, तर हेही चालेल, असा कौल त्यांनी स्वतःलाच दिला आणि निम्म्याला निम्मी मिसळली. कोणाला सांगितले नाही. वखारीत शिकलेली परीक्षा त्यांना ठाऊक होती. थंड पाण्यावर चिमूट टाकावी. कॉफी तरंगते, चिकोरी बुडते, आणि आणखी काही असेल तर तळाशी दिसून येते. ती परीक्षा त्यांनी केली नाही. व्यापाऱ्याच्या कपाळी ठसठशीत गंध होते, गळ्यात माळ होती. त्र्यंबकरावांनी माळेवर विश्वास ठेवला.

एकादशी पार पडली. चाळीस घरे ती कॉफी प्याली. काकू प्याल्या. मीही प्यालो आणि त्या सायंकाळी देवळात भक्तीचा महिमा गायलो.

द्वादशीस सकाळी पारणे करून बसलो होतो, तोच त्र्यंबकराव आले. एका वाटीत पाणी, आणि पाण्यात फुगलेले चार दाणे. मधोमध रेघ असलेले, अर्धवट भाजलेले जव.

"डबा घासायला काढला, तर तळाशी हे," ते म्हणाले. "चिकोरीत जव भाजून दळलेला होता, बुवा. धान्य. मी चाळीस घरांची एकादशी मोडली."

मी दार लोटून घेतले. आज ते सांगताना माझी मान खाली जाते, पण सांगितले पाहिजे. मी म्हणालो, "त्र्यंबकराव, अजाणता घडलं त्याचा दोष कोणाला नाही. पिणाऱ्यांना नाही, तुम्हालाही नाही. वाटी ओतून टाका. तीन महिन्यांत त्या म्हातारीचं व्रत पुरं होईल. समाधानाने होऊ द्या."

"काल अजाणता होतं, बुवा. आज मला ठाऊक आहे. येत्या एकादशीला त्यांच्यासाठी पुडी बांधताना मी तोंड कुठे लपवू?"

"आणि सांगितलंत, तर त्यांचं काय होईल याचा विचार?"

"तोच करत आलो. सगळ्या वाटेत तोच केला."

सायंकाळी माझे आख्यान संपले आणि आरतीचे तबक उचलले गेले, तेवढ्यात ते सभामंडपात उभे राहिले. जे घडले ते सांगितले. चिकोरी, लपवाछपवी, न केलेली परीक्षा, जव. काही वगळले नाही. व्यापाऱ्याचे नाव मात्र घेतले नाही.

एकच गलका उठला.

"अहो, माझ्या आईने सोमवारही तुमच्याच कॉफीवर केले!"

"फकिरांची कॉफी, फकिरांची कॉफी, म्हणून डोक्यावर घेतली, आता भोगा!"

अण्णा टाळ खाली ठेवीत म्हणाले, "त्र्यंबकराव, शेळ्या बऱ्या हो. त्या निदान सांगून तरी खातात." कोणी हसले नाही. अण्णाही हसले नाहीत.

वासंतीकाकू खांबाशी बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. साऱ्यांचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "त्र्यंबका, माझ्या पेल्यात कितीसा गेला असेल रे?"

"सांगता येत नाही, काकू. थोडा. पण गेला."

"आणि माझा गुरुदत्त निघालेला असेल, वाटेत असेल, आणि या घोटाने मागे फिरला असेल, तर?"

चौदा वर्षांच्या मंगळुरी वाऱ्यापावसाने न वाकलेला तो माणूस तेथे, त्या फरशीवर, गुडघ्यांवर बसला.

"बरं," काकू म्हणाल्या. "पुन्हा बारा वर्षं. पुढची एकादशी पहिली."

आणि त्यांनी ती धरली. आता कॉफीही नाही, नुसते पाणी. कोणाच्या हातच्या पेल्यावर विश्वास उरला नव्हता. आम्ही समजावले, वैद्यांनी बजावले. प्रत्येक एकादशीनंतर त्या थोड्या अधिक वाळत. त्र्यंबकरावांच्या ओटीवर पिंप फिरे, पण चाळीसांची पंधरा घरे उरली होती. सुमतीबाई मला एकदा म्हणाल्या, "तुमचं ऐकलं असतं, तर काकू आज उद्यापन करून सुखात असत्या. हे रोज हेच म्हणतात, आणि रोज हेही म्हणतात, की पुन्हा वेळ आली तरी सांगेनच. मी कुठलं ऐकू?"

ते दर द्वादशीस काकूंच्या दारी जात. काकू दार उघडत, बोलत नसत. दीड वर्षाने, छप्पन्नच्या माघात, त्यांनी अंथरूण धरले, तेव्हा त्र्यंबकराव पायथ्याशी बसले आणि म्हणाले, "काकू, तुमची उरलेली वर्षं मला द्या. मी धरतो."

म्हातारीच्या डोळ्यांत जुनी धार चमकली. "पाप तूच करणार, आणि फेडणारही तूच? चांगला आहेस की!"

"दुसरा कोणी पुढे येईना, काकू."

त्या हसल्या. दीड वर्षात प्रथमच. मग बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाल्या, "धर. पण माझ्यासारखं पाण्यावर नको, बायको आहे तुला. कॉफी घे. तू भाजलेली, तुझीच. पुन्हा कधी खोटं भाजलंस, तर या खेपेला तुझं मोडेल. आणि तो आला, तर त्याला सांग, आई मध्येच उठून गेली नाही. कोणाला तरी बसवून गेली."

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. अग्नी गुरुदत्ताच्या नावाने त्र्यंबकरावांनीच दिला.

पुढे नौपाड्यातली गिऱ्हाइके आणखी घटली, तेव्हा खांबेटे पतिपत्नी डोंबिवलीस राहावयास गेले. तेथे नव्या वस्तीत त्यांचे पिंप पुन्हा फिरते. प्रत्येक पोते उघडले की आधी थंड पाण्याचा पेला, मग शेगडी. गेल्या एकादशीस मी गेलो होतो. त्र्यंबकराव खंगले आहेत, बोलणे कमी झाले आहे. व्रताची सात वर्षे अजून उरली आहेत. रंगूनहून काही आलेले नाही. सुमतीबाईंनी जायफळ उगाळले, दोन पेले भरले. एक त्यांचा, एक स्वतःचा. त्याही आता त्यांच्याबरोबर व्रत धरतात. कोणाच्या सांगण्यावरून, हे मी विचारले नाही.

मला विचाराल, त्यांनी सांगितले ते बरे केले की वाईट? श्रोतेहो, मी पाच वर्षे देवाला हेच विचारतो आहे. म्हणून निवाडा करीत नाही. हात जोडतो, आणि मागतो: पांडुरंगा, त्या दोघांच्या देहात सात वर्षे पुरेल एवढे बळ घाल. त्यांच्या अंगणी कोणी तहानेला येवो आणि तृप्त होऊन जावो. जी माता गेली तिला तुझ्या चरणी विसावा दे. जो पुत्र हरवला तो जेथे असेल तेथे त्याला सावली दे. आणि खांबेट्यांच्या त्या घराला शांत झोप, निर्मळ सकाळ आणि परस्परांची सोबत अखंड लाभो. कल्याण असो. कल्याण असो.