खांड गेली होऽऽ

आधीच सांगते, मी सिव्हिल इंजिनीअर आहे आणि स्वभावाने खडूस आहे. कुणी ‘आमच्याकडे वळणावर एक बाई दिसते’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, चष्म्याचा नंबर किती? त्यामुळे हे लिहायची माझी मलाच लाज वाटते. पण बोलायचं कुठे? ऑफिसात हसतात, घरी नवरा म्हणतो, चार दिवस सुट्टी घे. तुम्ही निदान शेवटपर्यंत वाचाल.

माझं काम पुराच्या धोक्याचे नकाशे अपडेट करायचं. पनवेलच्या नद्या, तळोज्याकडून येणारे नाले, खाडीकाठ... सगळं. जुना नकाशा झाला तेव्हा जिथे खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल, होतं तिथे आता भराव टाकून इमारती उभ्या आहेत. मग नव्याने उंची मोजायची, कॉम्प्युटरवर मॉडेल चालवायचं, आणि ऐन भरतीत मुसळधार पाऊस झाला तर पाणी कुठवर चढेल ते रंगवायचं. लाल म्हणजे धोका. पांढरं म्हणजे निर्धास्त झोपा.

रोडपालीची खाडीकडची एक सोसायटी माझ्या नकाशात पांढरी होती. त्याच सोसायटीत तळमजल्यावर माझे बाबा राहतात. एकटे. आई गेल्यावर मीच त्यांना साताऱ्याहून आणलं. खारघरला आमच्याकडे राहा म्हटलं, तर ‘जावयाच्या घरी नको’ म्हणून अडून बसले. त्यांना ऐकू जवळजवळ येतच नाही. कानाचं मशीन आहे, पण त्यात नुसती खरखर येते म्हणून ते कायम ड्रॉवरमध्ये. मी फोनवर घसा फोडून ओरडते, आणि ते आपल्याला सुचेल त्या प्रश्नाचं उत्तर देतात. ‘जेवलात का?’ विचारलं की ‘हो, हो, पेन्शन आली’.

मे महिन्यात शेवटची पाहणी होती. मी आणि माझी सहकारी हेमांगी त्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर लेव्हल घेत होतो. भर दुपार, ऊन असं की कुत्रंही गाडीखालून हलेना. आणि अगदी जवळून, जणू भिंतीपलीकडून, दहा-बारा माणसं एकदम ओरडली...

“खांड गेली होऽऽ! धावा रे!”

मी दचकून वळले. भिंतीपलीकडे भरावाची माती, दोन रिकामे डंपर. चिटपाखरू नाही.

“कोण ओरडलं गं?” मी विचारलं.

“कुठे कोण? ऊन लागलं वाटतं मॅडमना,” हेमांगी हसली. “काय ओरडले?”

“खांड गेली, धावा. म्हणजे काय?”

तिचं हसू तिथेच थांबलं. हेमांगी उरणकडची, आगरी घरातली. म्हणाली, भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालतात. तो बांध फुटला की म्हणतात, खांड गेली. आणि मग गाव गोळा करायला अशीच हाक देतात. “पण मॅडम, इथे बांध राहिलाय कुठे? हा शब्द तुम्हाला कुणी सांगितला?”

कुणीच नाही. आमच्या साताऱ्याकडे हा शब्द असा मी कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, बरं झालं ओ दिली नाही. आम्हाला लहानपणापासून बजावलेलं, अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही, काय मागे लागेल सांगता येत नाही. त्यावर हेमांगीने सरळ आईला फोन लावला, स्पीकरवर.

“आई, खांड गेली अशी हाक आली तर काय करायचा गो?”

“काय करायचा म्हंजे?” आई वैतागली. “आलो म्हनायचा न् धावायचा! जो ओ नाय देत, त्याचाच घर पयला बुरतं. कामावर हायस का येरी झालीस?”

हेमांगी खो खो हसली. मलाही हसू आलं, पण नजर पुन्हा त्या भिंतीकडे गेली. ज्या भिंतीपलीकडून हाक आली, तीच पुढे बाबांच्या मागच्या खोलीला लागून जाते. दुपारी ते तिथे झोपतात.

त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मॉडेल पुन्हा चालवलं. पांढरं. पावसाचा आकडा वाढवून चालवलं. तरी पांढरंच. सरांकडे गेले, म्हटलं एवढी पट्टी लाल करू या. ते म्हणाले, “आधार काय?” हेमांगीने त्यांना आधीच सगळं सांगितलं असावं, कारण मिशीत हसत म्हणाले, “मॅडम, हाक नकाशाच्या कुठल्या लेयरमध्ये टाकू?” संताप संताप झाला माझा. पण त्यांचं तरी काय चुकलं? मीही तेच म्हटलं असतं. नकाशा पांढराच गेला.

सुट्टीच्या दिवशी मी काही ना काही निमित्त काढून त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. काही ऐकू यायचं नाही. वॉचमनला वाटायचं मी फ्लॅट बघायला येते. बाबांना म्हटलं, पावसाळाभर तरी माझ्याकडे चला. ते म्हणाले, “हो, छत्री आहे.” आता काय डोकं फोडू?

श्रावणातली गोष्ट. सकाळपासून धो धो पाऊस आणि त्यात दुपारचं उधाण. मी ऑफिसात होते. बाबांचा फोन आला.

“अगं, बाहेर कोण ओरडतंय एवढं?”

माझ्या आधी लक्षातच आलं नाही. “कोण ओरडतंय?” मी नेहमीच्या आवाजात विचारलं.

“बरीच माणसं आहेत. खांड गेली, धावा रे, म्हणतायत. खांड म्हणजे काय गं?”

मंडळी, मी त्यांना ह्यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकू कुठे आलं असतं?

“बाबा, तुम्हाला माझं ऐकू येतंय?”

“न यायला काय झालं? झोप मोडली त्या लोकांनी.”

मला फोनमधून एकही हाक ऐकू येत नव्हती. नुसता पाऊस. आणि मी, चष्म्याचा नंबर विचारणारी मी, भर ऑफिसात ओरडले, “बाबा, ओ द्या त्यांना! आलो म्हणा आणि बाहेर पडा! जिना चढा, वर जा!”

“आलो रे, आलो!” बाबा ओरडले. इतका खणखणीत आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. फोन तिथेच टाकून गेले असावेत. मग दार आपटल्याचा आवाज. मी कानाला फोन लावून बसले. थोड्या वेळाने काहीतरी प्रचंड कोसळलं आणि लाइन तुटली.

मी कशी पोचले ते विचारू नका. कंबरेएवढ्या पाण्यातून आत गेले. मागची भिंत आडवी झाली होती, खोलीत चिखल आणि पाणी, पलंग दिसत नव्हता. मी बाबा बाबा करत जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नसीमआपांकडे बाबा टॉवेल गुंडाळून चहा पीत बसले होते. मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि मोठमोठ्याने रडले.

नसीमआपा म्हणाल्या, “अंकल तो अपने आप ऊपर आए. बोले, सब बुला रहे हैं. हमने तो कुछ नहीं सुना, अल्ला कसम.”

पाण्याचं कारण नंतर सापडलं. भरावाखाली जुना बांध आणि त्याची नाळ, म्हणजे पाणी आतबाहेर जायची वाट, गाडली गेली होती, उधाणाने तीच वाट पुन्हा उघडली. ती पट्टी आता लाल आहे, मीच रंगवली. पण हाकेचं काय? वॉचमन, शेजारी, गावातली माणसं, सगळ्यांना विचारलं. कुणी ओरडलं नव्हतं. बाबांचे कान पुन्हा तपासले. डॉक्टर म्हणाले, होते तसेच आहेत. फोनवर माझं एवढं सहज बोलणं त्यांना कसं ऐकू आलं, हेही मला सांगता येत नाही. मी विचार करून करून थकले.

भिंत बांधून झाल्यावर बाबा परत तिथेच राहायला गेले. मी भांडले, रडले, शेवटी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं की हा भाग धोक्याचा आहे. त्यांनी वाचलं आणि कागद घडी करून मला परत दिला.

“तुझ्या आईचा आवाज तिच्या शेवटच्या दिवसांत मला ऐकू आला नाही. नातीचा तर मी कधी ऐकलाच नाही,” ते म्हणाले. “त्या दिवशी मात्र सगळं स्वच्छ ऐकलं गं. तूसुद्धा किती छान बोलत होतीस. इथून हललो आणि पुन्हा हाक आली तर?”

मी तो कागद पर्समध्ये टाकला आणि घरी आले.

आज पुन्हा उधाण आहे आणि पाऊस थांबत नाही. हे लिहिताना मधे दोनदा त्यांना फोन लावला, उचलत नाहीत. रिंग त्यांना ऐकू येत नाही, हे मला कळतं. तरी बसवत नाही. निघतेच मी.